पन्हळीपलीकडची वाट

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आमच्या गल्लीत गेल्या जुलैत एक बातमी पसरली: देवदत्त बोडस हिमालयात जाऊन भिक्षू झाला. पुरावा भक्कम होता. डोक्याचा गोटा, अंगात मरून वस्त्र, मागे डोंगराला चिकटलेला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, असा फोटो त्याने स्वतःच ग्रुपवर टाकला होता आणि खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. फोटोखाली काही लिहायचं नाही म्हणजे बाकीच्यांना लिहायचं आमंत्रणच. कुणी म्हणालं, रिटायरमेंट मानवली नाही हो. कुणी म्हणालं, बायकोनेच, शुभाने, बाहेर काढलं असणार. कुणी म्हणालं, ती कशाला काढेल, तोच पळाला असेल. इतकी वर्षं त्या बाईच्या सूचना ऐकल्यावर माणसाला मौनव्रत गोडच लागणार. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, शिऱ्याच्या ट्रेभोवती ही चर्चा इतकी रंगली की शिरा गार झाला.

खरी गोष्ट साधी होती. हिमाचलमधल्या स्पितीतली धूळ केसांतून निघेना म्हणून देवदत्तने काझाच्या बाजारात गोटा करून घेतला. मरून वस्त्र म्हणजे सेलमध्ये घेतलेलं फ्लीसचं जॅकेट. तो रंग कुणी घेत नव्हतं म्हणून स्वस्तात मिळालेलं. आणि तो पळालाही नव्हता, त्याला कुणी काढलंही नव्हतं. शुभाने त्याला पाठवलं होतं. तपासायला.

काय तपासायला, ते सांगायचं तर आधी शुभाची भीती सांगायला हवी. कारण शुभा बोडस घाबरट आहे, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

शुभा मूळची नागपूरची. सगळी नोकरी सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये गेली. या कामात माणसाला पगारच मुळी शंका काढण्याचा मिळतो. बाकीचे प्रोग्रॅम लिहून खूश झाले की ही विचारणार, "हे बटण कुणी दोनदा दाबलं तर? जन्मतारखेच्या जागी कुणी नवऱ्याचं नाव लिहिलं तर?" ऑफिसात याचं कौतुक व्हायचं. घरी कोण करणार? बर्फ पडलं की घर तापवणाऱ्या फर्नेसची बाहेरची नळी बुजेल म्हणून ही फावडं घेऊन घराला फेऱ्या मारणार. मुलगी निधी कॉलेजसाठी शिकागोला निघाली, म्हणजे आमच्याच स्टेशनवरून गाडी पकडून, तर हिने तिच्या बॅगेत शिट्टी, टॉर्च आणि आठवडाभराचा चिवडा कोंबला. निधी म्हणाली, "आई, इट्स अ ट्रेन. इट्स नॉट अ वॉर."

देवदत्त बरोबर उलटा. हा पुलांचा इंजिनियर. अर्ध्या इलिनॉयमधल्या ओढ्यानाल्यांवर याने डिझाइन केलेले पूल आहेत. भीती नाही, देव नाही, मुहूर्त नाही. सत्यनारायणाला बोलावलं तर प्रसादाच्या वेळेला उगवणार आणि वर म्हणणार, "सगळी सायकॉलॉजी आहे." पण या पोलादी माणसाला एका ठिकाणी गंज लागलेला होता, आणि तो समोरच्या नीनाने शोधून काढला.

नीनाने गार्डन सेंटरमधून एक कारंजं आणलं होतं. गोल काळा दगड, वरून झुळझुळ पाणी, आणि एका बाजूला दगडी चोच, तिच्यातून ते पाणी बाहेर पडणार. दुकानदाराने ते झेन म्हणून विकलं. गल्लीतल्या मराठी डोळ्यांना ते काय दिसलं, ते सांगायला नको. नीनाच्या दाराकडे जाणारी फरशी त्या चोचीपुढून जाते. सगळे ती पाण्याची बारीक धार ओलांडतात आणि बेल वाजवतात. देवदत्त धारेपर्यंत जायचा, थबकायचा, मागे फिरायचा आणि कारंज्याला उलटा वळसा घालून, हिरवळ तुडवत, पलीकडून दाराशी पोचायचा.

"काय देवदत्त, आमच्या झेनलाही घाबरता?" नीना विचारायची.

"घाबरतंय कोण? उगाच कशाला ओलांडायचं?"

पुलांचा इंजिनियर हे बोलत होता! मग एकदा शुभाकडून उलगडा झाला. देवदत्तचे वडील वाईजवळच्या गावी शंकराच्या देवळात पूजा करायचे. शंकराला पुरी प्रदक्षिणा नाही. पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या पावली मागे फिरून दुसऱ्या अंगाने यायचं. लहानग्या देवदत्तने एकदा ती उडी मारून ओलांडली, तेव्हा वडिलांनी कान असा पिळला की देव मनातून गेला तरी पन्हळ पायांत राहिली. यावर गल्ली पुष्कळ हसली. शुभाही हसली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता शुभाच्या फेऱ्या. त्या सुरू झाल्या सासूबाईंमुळे. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या, संध्याकाळी पाय मोकळे करायला गेल्या आणि परत येताना भलत्याच घरात शिरून सोफ्यावर बसल्या. त्यांची चूक नाही. इथे सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली, सगळ्यांचा रंग पातळ चहाचा. घरमालकाने त्यांना लिंबू सरबत दिलं म्हणून बरं. शुभा मात्र त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो सगळा रस्ता स्वतः चालून फोनवर आवाज भरला आणि सासूबाईंच्या कानात घातला.

"दारातून बाहेर पडलात की डावीकडे वळा. कोपऱ्यावर लाल मेलबॉक्स. लाल दिसला नाही तर पुढे जाऊ नका. तळं उजव्या हाताला राहील. तळं डावीकडे आलं तर चुकलात. घाबरू नका. जिथून वळलात तिथे परत या."

तिची पद्धत हीच. रस्त्यांची नावं नाहीत, मैल नाहीत, उत्तर-दक्षिण नाही. बरोबर गेलात तर काय दिसेल ते एका वाक्यात, आणि चुकलात तर काय दिसेल ते चार वाक्यांत. चूक आधी हिच्या डोक्यात घडून गेलेली असायची. बघता बघता सगळ्यांचे आईवडील शुभाला कानात घालून फिरायला लागले. तळ्याकाठच्या बाकावर टेकले की एकमेकांना विचारायचे, "आज कितीदा चुकलात?"

दोन वर्षांपूर्वी, पानगळीच्या दिवसांत, बोडस जोडपं स्पितीला गेलं. नदीच्या खोऱ्यात एका चिमुकल्या गावात छेरिंग दोलमा नावाच्या बाईकडे उतरलं. शुभा तिथे प्रत्येक कड्यावर मनातल्या मनात एकेकदा मेली, आणि तरी त्या खोऱ्याच्या प्रेमात पडून आली. आल्या-गेल्याला सांगायची, नदी एवढी रुंद की तिला स्वतःलाच ठाऊक नसतं कुठून वाहायचं ते. छरमा नावाच्या काटेरी झुडपांना पिवळीधमक फळं. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती आणि पांढरे छोर्तेन, म्हणजे बौद्धांचे छोटे स्तूप. ते नेहमी उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, हा तिथला रिवाज. शुभाला हे फार आवडलं. ती म्हणाली, "रस्ता कसा चालायचा ते रस्त्यालाच सांगून ठेवलंय."

तिने तिथेही फेऱ्या भरून आणल्या. मंडळातल्या रिटायर लोकांनी त्या ऐकल्या आणि ठरवलं, पुढच्या सप्टेंबरात आपण जायचं, गाईड नको, शुभाचा आवाज आहे की! झालं. शुभाची शंकांची यादी सुरू झाली. पानगळीत भरलेली फेरी, मध्ये दोन हिवाळे गेले. दरड पडली असेल तर? पूल वाहून गेला असेल तर? गुडघ्यांची, हृदयांची, साखरेची माणसं. कुणाला काही झालं तर शेवटचा आवाज आपला! पुन्हा तपासल्याशिवाय ती कुणाला जाऊ द्यायला तयार नव्हती, आणि तिचा स्वतःचा गुडघा नुकताच वसंतात बदललेला. तेव्हा उरला कोण?

"सगळ्या फेऱ्या एकेकदा चालून ये," तिने देवदत्तला बजावलं. "मी सांगते तसंच. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

"त्याचा मला संसारात भरपूर सराव झालाय," देवदत्त म्हणाला.

तर असा हा भिक्षू. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. रोज फेरी संपवून छेरिंगकडे पोचला की तो एकच शब्द पाठवायचा, "पोचलो." शुभा तो शब्द वाचायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची.

त्या शनिवारी शेवटची फेरी होती, सगळ्यांत लांब. छेरिंगच्या गावातून वर जुन्या गोंपापर्यंत, तिथून डोंगराच्या खांद्यावरच्या छोर्तेनपाशी, आणि छोर्तेनच्या मागून पलीकडे उतरून नदीकाठच्या खालच्या गावात, आणि तिथून रस्त्याने परत छेरिंगकडे. शुभा उठली, फोन बघितला. "पोचलो" नव्हतं. त्याआधीचा एक आवाजी निरोप तेवढा होता, वाऱ्यात फडफडणारा.

"शुभे, छोर्तेनपाशी आलोय. तुझं सगळं बरोबर आहे हो. एक नवीन सांगतो, आपण आलो तेव्हा इथे कोरडं होतं ना? आता बर्फाचं पाणी सुटलंय. दगडी पन्हळीतून काय धो धो वाहतंय, आणि त्यावर ते प्रार्थनाचक्र आपोआप गरगर फिरतंय. मस्त आहे. चल, उतरतो आता."

त्यानंतर काही नाही.

तिने फोन लावला. लागला नाही. उतारावर सिग्नल नसतो, हे तिला माहीत होतं. आपल्याला माहीत आहे, असं तिने स्वतःला सांगितलं आणि गॅसवर पातेलं ठेवलं. पाणी उकळून आटून गेलं, पातेलं करपलं, तरी "पोचलो" आलं नाही.

मग तिने छेरिंगला फोन केला.

"दीदी, सरजी अभी नहीं आए. आते होंगे. फोटो खींचते होंगे."

"धूप है अभी?"

"ऊपर है. नीचे चली गई."

शुभाने खिडकीबाहेर बघितलं. आमच्याकडे ऊन मेपलच्या शेंड्यावरून हळूहळू खाली हिरवळीवर येत होतं. शेजारचा कुणी लॉनमोअर ओढून बाहेर काढत होता. तेच ऊन तिकडे डोंगर चढून निघून चाललं होतं. इथे जेवढं उजाडत होतं तेवढंच तिथे मावळत होतं, आणि दोन्ही थांबवणं तिच्या हातात नव्हतं.

घाबरट माणसाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, सदानकदा घाबरणाऱ्याला खऱ्या भीतीची सवय असेल. तसं नसतं. शुभा रोज भ्यायची ती "असं झालं तर" याला. आज तो "तर" गळून पडला होता. ती स्वयंपाकघरात उभी राहिली. हात ओट्याच्या कडेला घट्ट. कानांत फक्त फ्रिजचा आवाज.

मग तिने तिला येत होतं ते काम केलं. स्वतःची फेरी लावली आणि चूक शोधायला बसली.

"छोर्तेन उजव्या हाताला ठेवून मागच्या बाजूला जा. मागून उतरणारी पहिली वाट घ्या. उतरताना नदी समोर दिसत राहील. नदी दिसेनाशी झाली तर चुकलात. घाबरू नका. जिथून वळलात तिथे परत या."

किती शांत होता तो आवाज! मऊ, समजूतदार, सगळं ठाऊक असलेल्या बाईचा. शुभाला त्या बाईचा राग आला. कुठे पाठवलंस त्याला? तिने ते पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ऐकलं. प्रत्येक शब्द तपासला. वाट बरोबर, वळण बरोबर. चूक सापडत नव्हती, आणि तेच भयंकर होतं. चूक सापडली असती तर माणूस सापडला असता.

निधीला फोन केला. निधी आता शिकागोत नोकरी करते. ती आधी म्हणाली, "आई, ब्रीद. जस्ट ब्रीद." मग तिलाच श्वास घेता येईना. "आय ॲम टेकिंग द नेक्स्ट ट्रेन," एवढं बोलून तिने फोन ठेवला. शेवटी ती मराठीत म्हणाली होती, "बाबाला काही होणार नाही ना गं?" ही पोरगी मराठीत बोलली की समजावं, पाणी गळ्याशी आलंय.

इतक्यात नीना आली. खरं सांगायचं तर काळजीने आली नव्हती. शुभा गाउनवरच ड्राइव्हवेत फोन आकाशाकडे धरून उभी आहे, हे खिडकीतून दिसल्यावर कुणाला राहवेल? नीना कॉफीचा मग घेऊन डोलत डोलत आली.

"काय गं, काय म्हणतायत भिक्षूमहाराज? आज दर्शन नाही वाटतं?"

शुभाने मान वळवली. नीनाने तिचा चेहरा बघितला आणि हातातला कॉफीचा मग खाली ठेवला.

"किती वेळ झाला?"

"चहाच्या आधीपासून," शुभा म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा नीट हिशोब निघेना.

दोघी पायरीवर बसल्या. मग नीना आत जाऊन ते करपलेलं पातेलं घासत बसली.

फोन वाजला. छेरिंग होती, पण आता तिचा आवाज बदललेला. गावातली माणसं खालच्या गावापर्यंत पूर्ण वाट बघून आली होती. वर छोर्तेनपर्यंतही जाऊन आली. सरजी वाटेवर कुठेच नाहीत. हाका मारल्या, उत्तर नाही. आता अंधार पडतोय, वारा सुटलाय. आणि दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं बर्फ संध्याकाळी नाल्यांत उतरतं. नाले चढले आहेत. नाल्यांत अंधारात माणसं उतरवणं धोक्याचं.

"बड़े लोग बोलते हैं, सुबह देखेंगे दीदी. किधर देखें, पता नहीं. चारों तरफ नाला है."

सकाळ! तिथली रात्र कशी असते ते शुभाने बघितलं होतं. पानगळीतच बादलीतल्या पाण्यावर सायीसारखं बर्फ धरायचं. जुलै असला म्हणून काय, बारा-तेरा हजार फुटांवर तो माणूस एका सेलच्या जॅकेटमध्ये, कुठेतरी पडलेला, आणि पाणी चढतंय. ती माणसं जातील, शोधतील, जीव धोक्यात घालतील, पण कुठे शोधायचं ते कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते सांगायला हवं होतं नेपरव्हिलमधल्या पायरीवर बसलेल्या बाईने.

"पाँच मिनट," ती छेरिंगला म्हणाली. "फोन पास रखना."

तिने देवदत्तचा निरोप पुन्हा लावला. तुझं सगळं बरोबर आहे हो. कोरडं होतं ना? पाणी सुटलंय. दगडी पन्हळीतून. धो धो. चल, उतरतो आता.

"मी निधीला स्टेशनवरून घेऊन येते," नीना म्हणाली. "किल्ली आणते गाडीची." आणि ती समोर आपल्या घराकडे पळाली. कारंजं झुळझुळत होतं. फरशीवर त्याची धार आडवी पसरली होती. नीनाने ती ओलांडली आणि दारातून आत गेली.

शुभा बघत होती. नीनाने ती ओलांडली. सगळे ओलांडतात. आणि एक माणूस...

ती उभी राहिली ती गुडघा विसरूनच.

"छेरिंग! छोर्तेन के पीछे जो पानी बहता है, वो रास्ते के ऊपर से जाता है?"

"हाँ दीदी, गर्मी में. छोटा सा है. उसके पार अपना रास्ता नीचे उतरता है."

"सब लोग पानी पार करके जाते हैं?"

"सब जाते हैं. एक ही तो कदम है."

"वो नहीं गया," शुभा म्हणाली. "वो वापस मुड़ा है. छोर्तेन को उल्टा घूमकर पीछे आया है." तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "उल्टा घूमो तो पहला रास्ता कौन सा मिलता है?"

छोर्तेनला कुणी उलटा वळसा घालेल, हे त्या गावात कुणाच्या डोक्यातच येणार नव्हतं. तिथली शेळीसुद्धा सरळ फिरत असेल.

"दीदी," छेरिंग हळूच म्हणाली, "वो तो रास्ता नहीं है. बकरी उतरती है वहाँ. सीधा नाले में जाता है."

आणि फोन ठेवला गेला.

त्यानंतरच्या वेळाबद्दल शुभा कधी बोलत नाही. जे कळलं ते निधीकडून आणि नीनाकडून. निधी आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसली होती, फोन समोर पालथा ठेवलेला. त्याच्याकडे बघायचीही तिला भीती वाटत होती. निधीने हात धरला तर बर्फासारखा. बाहेर भर दुपारचं ऊन, लॉनमोअरची घरघर, कुणाच्या तरी घरी बर्थडे पार्टीची गाणी. शुभा मध्येच म्हणाली, "मी बरोबर सांगितलं असेन ना? चुकीच्या नाल्यात त्यांना उतरवलं असेल तर?" थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला मीच पाठवलं." निधी काहीतरी बोलायला गेली, तर शुभाने तिला हाताने गप्प केलं. नीना सोफ्याच्या कडेवर बसून स्वेटर असल्यासारखी आपली ओढणी उसवत होती.

फोन थरथरला. तो कुणीच उचलेना. शेवटी निधीने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

आधी नुसता वारा आणि पाण्याचा आवाज. मग छेरिंग, धापा टाकत.

"दीदी! आपकी आवाज़ आ रही थी नाले से!"

कुणालाच काही कळेना. हळूहळू उलगडलं. टॉर्च घेऊन माणसं छोर्तेनपाशी आली, बकऱ्यांच्या वाटेच्या तोंडाशी उभी राहिली, आणि खालच्या काळोखातून एका बाईचा आवाज वर आला. शांत, मऊ, अनोळखी भाषेतला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा. दोघंजण तर मागच्या मागे पळाले. छेरिंगने मात्र दोन वर्षांपूर्वी तो आवाज आपल्या अंगणात फोनमध्ये भरला जाताना ऐकला होता. ती म्हणाली, अरे थांबा, ही आपली दीदी आहे.

देवदत्त नाल्यातल्या एका कपारीवर बसलेला सापडला. नदी दिसेनाशी झाली तेव्हा त्याला कळलं होतं की चुकलो. जिथून वळलो तिथे परत जायला लागला, तर पायाखालचे दगड घसरले आणि घोटा मोडला. वर चढता येईना. खाली पाणी चढत चाललेलं, त्याच्या आवाजात हाक बुडून जाई. ओरडून ओरडून घसा बसला. मग त्याने फोन पूर्ण मोठा केला, कपारीच्या टोकाला ठेवला आणि शुभाला बोलायला लावलं. पाणी बुटांना लागलं तेव्हाही ती बोलतच होती. चुकलात. घाबरू नका. जिथून वळलात तिथे परत या.

"शुभे," फोनवरून घोगरा आवाज आला, "मी पोचलो."

शुभा टेबलावर डोकं टेकून रडली. नीनाही रडली, आणि हे ती अजून कबूल करत नाही.

देवदत्त पायाला प्लास्टर आणि डोक्यावर पेरभर केस घेऊन परत आला. सप्टेंबरची मंडळी गेली आणि नीट परत आली. त्यांच्या फेरीत आता एक नवं वाक्य आहे: "समोर पाणी लागेल, ते ओलांडा. कुणी रागावणार नाही." देवदत्त अजूनही नीनाच्या कारंज्याला उलटा वळसा घालतो, आता कुबडीसकट.

दिवाळीच्या पॉटलकला शिऱ्याच्या ट्रेभोवती पुन्हा गर्दी जमली. भिक्षूची बातमी शिळी झाली होती, नवी हवी होती. देवदत्त खुर्चीवर पाय लांब करून सगळ्यांना समजावत होता, "हे बघा, मागच्या बाजूलाच जायचं होतं ना? मग इकडून गेलं काय, तिकडून गेलं काय, मागची बाजू मागेच असते. आता रेकॉर्डिंगमध्ये पाण्याचा उल्लेखच नाही, त्याला मी काय करणार?"

नीनाने संधी साधली. "म्हणजे शुभा, तुझ्या फेरीत बग निघाला म्हण की!"

शुभा वाटीत शिरा वाढत होती. तिने वर बघितलंही नाही.

"फेरीत काही बग नव्हता. मी सगळं तपासलं होतं, नवरा तेवढा राहून गेला."